यंत्र आपले, किल्ली कुणाची?



आजच्या कुठल्याही मध्यमवर्गीय घरात कपाटाचा एखादा खण असा असतो, की ज्यात टाकून देववत नाहीत आणि वापरताही येत नाहीत अशा वस्तू साठत जातात. जुने चार्जर, बंद पडलेली मनगटी घड्याळे, वायरींचे गुंते आणि त्यांच्या तळाशी एखादा टॅब्लेट. २०२० सालच्या टाळेबंदीत शाळा घरातच भरू लागली, तेव्हा मुलांच्या अभ्यासासाठी काटकसर करून तो घेतलेला असतो. त्याची काच शाबूत असते, बॅटरी चार्ज होते, पडदा पूर्वीसारखाच उजळतो. पण एखादे नवे ॲप उतरवून घ्यायला जावे, तर ‘आपल्या उपकरणावर हे चालू शकत नाही’ असा संदेश येतो. उत्पादकाकडून येणाऱ्या सुधारित आवृत्त्या केव्हाच थांबलेल्या असतात. मग तो टॅब्लेट खणात जातो आणि घरात नव्या खरेदीची चर्चा सुरू होते.

येथे एक साधा प्रश्न उपस्थित होतो. या टॅब्लेटमध्ये नेमके काय निकामी झाले? काच नव्हे, चिप नव्हे, बॅटरीही नव्हे. निकामी झाली आहे ती त्याची ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजेच संचालन प्रणाली. किंबहुना तीही बिघडलेली नाही. तिची देखभाल करण्याचे उत्पादकाने सोडून दिले आहे, एवढेच. एकत्र कुटुंबात जसा एक कारभारी असतो, कोणी काय वापरावे, कोणाला किती द्यावे, दारावर आलेल्याला आत घ्यावे की नाही हे तो ठरवितो, तसे यंत्रातील सारे व्यवहार ही प्रणाली पाहत असते. कारभारी सोडून गेला म्हणून कोणी घर पाडत नाही, दुसरा नेमतो. मग यंत्राच्या बाबतीत घर पाडण्याचाच मार्ग सर्वमान्य का व्हावा? दुसरी प्रणाली नेमण्याची सोय आहे काय? असल्यास ती कोणी निर्माण केली, तिच्या वाटेत अडसर कोणते आणि सामान्य कुटुंबाने त्यातून काय घ्यावे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

एकोणपन्नास दिवसांचे आयुष्य

या विषयाचे मर्म समजण्यासाठी एका टॅब्लेटची कथा पुरेशी आहे. एचपी या बलाढ्य अमेरिकन कंपनीने २०१० साली पाम ही कंपनी सुमारे १.२ अब्ज डॉलर्स मोजून विकत घेतली. पामकडे ‘वेबओएस’ नावाची स्वतःची संचालन प्रणाली होती. तिच्या बळावर ॲपलच्या आयपॅडला टक्कर द्यावी या हेतूने एचपीने १ जुलै २०११ रोजी अमेरिकेत ‘टचपॅड’ नावाचा टॅब्लेट बाजारात आणला. किंमत ४९९ डॉलर्सपासून पुढे होती. ग्राहकांनी पाठ फिरविली आणि १८ ऑगस्ट २०११ रोजी कंपनीने तो गुंडाळत असल्याचे घोषित केले. म्हणजे बाजारातील अधिकृत आयुष्य अवघे एकोणपन्नास दिवसांचे. उरलेला माल ९९ डॉलर्सना काढण्यात आला, तेव्हा मात्र दुकानांपुढे रांगा लागल्या.

ज्यांनी तो घेतला, त्यांच्या हाती उत्तम यंत्र आले. पण त्याची प्रणाली पोरकी होती. नवी ॲप्स येण्याची आशा नव्हती. अशा वेळी जगाच्या निरनिराळ्या भागांत राहणाऱ्या, एकमेकांना कधी न भेटलेल्या काही तरुण तंत्रज्ञांनी हे काम अंगावर घेतले. अँड्रॉइड या मुक्त प्रणालीवर आधारलेल्या ‘सायनोजेनमॉड’ नावाच्या उपक्रमाचे हे स्वयंसेवक. त्यांनी ऑक्टोबर २०११ मध्ये टचपॅडवर चालणारी अँड्रॉइडची प्राथमिक आवृत्ती सर्वांना विनामूल्य उपलब्ध करून दिली. मूळ वेबओएस तशीच ठेवून शेजारी अँड्रॉइड नांदेल, अशी व्यवस्थाही त्यांनी केली. यंत्र सुरू करताना दोन्हींपैकी कोणती प्रणाली हवी, हे वापरणाऱ्याने निवडावे.

हे शक्य झाले त्यामागे एक तात्त्विक कारण आहे. वेबओएसच्या गाभ्यात लिनक्स होते. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा प्रारंभ केला आणि रिचर्ड स्टॉलमन यांच्या मुक्त आज्ञावली चळवळीतून आलेला परवाना त्याने त्यासाठी स्वीकारला. या परवान्याची अट अशी, की जो कोणी ही आज्ञावली आपल्या यंत्रात घालून विकेल, त्याने तिचा मूळ मजकूरही ग्राहकाला उपलब्ध करून दिला पाहिजे. यंत्राच्या अंतरंगाचा निदान काही भाग त्यामुळे उघडा राहतो. इमारत बांधणाऱ्याने नकाशा घरमालकाच्या हाती द्यावा, तसे हे आहे. नकाशा हाती असला की मूळ गवंडी गेला तरी दुरुस्ती अडत नाही.

पुढे काय झाले? जानेवारी २०१५ मध्ये एचपीने वेबओएसची सेवा देणारे आपले सर्व्हर बंद केले. मूळ प्रणालीवरच राहिलेल्या टचपॅडचे ॲप भांडार त्या दिवशी मिटले. ज्यांनी त्यावर अँड्रॉइड घातले होते, त्यांचे यंत्र मात्र चालत राहिले आणि स्वयंसेवक त्यासाठी अँड्रॉइडच्या पुढच्या आवृत्त्याही तयार करीत राहिले. कंपनीने एकोणपन्नास दिवसांत सोडलेले अपत्य परक्या माणसांनी वर्षानुवर्षे सांभाळले. या घटनेत तंत्रज्ञानापेक्षा वृत्तीचा भाग मोठा आहे, हे लक्षात घेतले पाहिजे.

ही वृत्ती तशी टचपॅडपेक्षा जुनी आहे. कॉम्पॅक कंपनीने २००० साली ‘आयपॅक’ नावाचा तळहातावर मावणारा संगणक काढला, तेव्हा त्यात मायक्रोसॉफ्टची प्रणाली होती. कॉम्पॅकच्याच केंब्रिज येथील प्रयोगशाळेतील संशोधकांनी त्यावर लिनक्स चालवून दाखविले आणि त्या प्रयत्नातून पुढे ‘फॅमिलियर’ नावाची, हातातल्या यंत्रांसाठीची लिनक्स आवृत्ती उभी राहिली. त्याच सुमारास बंगळुरूला भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापकांच्या पुढाकाराने तयार झालेला ‘सिम्प्युटर’ लिनक्सवरच चालत होता.

हे काम होते कसे?

घरातल्या मेजावरच्या संगणकावर दुसरी प्रणाली बसविणे तुलनेने सोपे असते. एकच चकती वा पेनड्राइव्ह बहुतेक सर्व संगणकांवर चालतो. कारण आपल्यात कोणते भाग जोडलेले आहेत, हे तो संगणक स्वतःच प्रणालीला सांगू शकतो. टॅब्लेट आणि मोबाइलमध्ये ही सोय बहुधा नसते. पडदा कोणत्या तारेवर जोडला आहे, स्पर्श ओळखणारा भाग कुठे आहे, बॅटरीची पातळी कशी वाचावी, हे प्रत्येक प्रतिकृतीसाठी वेगळे लिहून द्यावे लागते. म्हणून एका टॅब्लेटची प्रणाली दुसऱ्यावर चालत नाही. बाहेरून जुळ्या दिसणाऱ्या दोन यंत्रांच्या क्रमांकात एका अक्षराचा फरक असला, तरी चुकीची प्रणाली घातल्यास यंत्र सुरूच होत नाही. जाणकारांच्या भाषेत त्याची ‘वीट’ होते.

यंत्राचे बटण दाबले की प्रथम जागा होतो तो बूटलोडर नावाचा छोटा कार्यक्रम. त्याला देवडीवरचा पहारेकरी म्हणता येईल. ज्या प्रणालीवर उत्पादकाची मोहोर आहे, तिलाच तो आत सोडतो. दुसरी प्रणाली घालायची, तर या पहारेकऱ्याला प्रथम तशी मुभा द्यावी लागते. त्यालाच बूटलोडरचे कुलूप उघडणे म्हणतात. काही उत्पादक ही सोय स्वतःहून देतात. कुलूप उघडताच यंत्रातील सर्व खासगी मजकूर पुसला जातो. यामागे हेतू चांगला आहे. चोरलेल्या यंत्राचे कुलूप उघडून कोणी मालकाची छायाचित्रे वा पत्रव्यवहार वाचू नये, यासाठी ती योजना असते. त्यानंतर ‘रिकव्हरी’ नावाची छोटी दुरुस्ती व्यवस्था बसवायची, तिच्या साहाय्याने मूळ प्रणालीची प्रत काढून ठेवायची आणि मग नवी प्रणाली घालायची, असा साधारण क्रम असतो.

सर्वांत अवघड भाग याच्याही पलीकडे आहे. पडदा, कॅमेरा, वाय-फाय या भागांना चालविणाऱ्या छोट्या आज्ञावली चिप बनविणाऱ्या कंपनीकडून येतात आणि त्यांतील पुष्कळशा बंदिस्त असतात. त्या लिनक्सच्या एखाद्या जुन्या आवृत्तीला जखडलेल्या असतात. कंपनीने त्या नव्याने करून दिल्या नाहीत, की पुढील आवृत्तीवर कॅमेरा चालत नाही किंवा आवाज येत नाही. टॅब्लेट अकाली म्हातारे होतात, त्याचे हे एक मोठे कारण आहे. गूगलचा २०१२ सालचा ‘नेक्सस ७’ आठवावा. २०१४ च्या अखेरीस अँड्रॉइडची पाचवी आवृत्ती त्यावर आली आणि पुष्कळांचे यंत्र असह्य संथ झाले. काहींनी मागे जाऊन जुनी आवृत्ती बसविली, काहींनी स्वयंसेवकांनी केलेल्या हलक्या आवृत्त्या घातल्या. २०१७ साली सुरू झालेल्या ‘पोस्टमार्केटओएस’ या उपक्रमाने तर मोबाइलला दहा वर्षांचे आयुष्य मिळावे हेच उद्दिष्ट ठेवले. जखडलेल्या जुन्या गाभ्याऐवजी लिनक्सच्या चालू मुख्य प्रवाहाचा गाभाच अशा यंत्रांवर चालावा, असा त्यांचा प्रयत्न आहे.

कुलूप आणि कायदा

दाम मोजून घेतलेल्या वस्तूचे कुलूप उघडणे हा अपराध कसा ठरेल, असे कोणालाही वाटेल. पण अमेरिकेत १९९८ साली जो डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायदा झाला, त्याने आज्ञावलीभोवतीचे तांत्रिक कुलूप ओलांडण्यासच मनाई केली. त्यातून सवलती देण्याचा अधिकार तेथील राष्ट्रीय ग्रंथालयाकडे, म्हणजे लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आहे आणि दर तीन वर्षांनी त्याचा फेरविचार होतो. २०१० साली मोबाइल फोनसाठी ही सवलत मिळाली. २०१२ साली टॅब्लेटसाठी ती मागितली गेली, तेव्हा ‘टॅब्लेट’ ही कोटी पुरेशी स्पष्ट नाही, असे कारण देऊन ती नाकारण्यात आली. अखेर २०१५ साली टॅब्लेटचाही त्यात समावेश झाला. म्हणजे तीन वर्षे अशी गेली, की एकाच घरातल्या फोनचे कुलूप उघडणे नियमात बसत होते आणि शेजारच्या टॅब्लेटचे बसत नव्हते!

भारताने आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती केली, तेव्हा तांत्रिक कुलुपाविषयीचे कलम त्यात आले. परंतु आपल्या संसदेने अपराधाचा संबंध हेतूशी जोडला. कॉपीराइटचा भंग करण्याच्या उद्देशाने कुलूप ओलांडले तर तो गुन्हा, अशी ही रचना आहे. मालकाचा प्रामाणिक वापर आणि चोरी यांत भेद करणारी ही दृष्टी अधिक न्याय्य म्हटली पाहिजे.

कायद्याने मुभा दिली तरी यंत्रच अडवीत असेल तर काय? मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०१२ मध्ये ‘सरफेस आरटी’ हा टॅब्लेट आणला. त्यातील पहारेकरी फक्त मायक्रोसॉफ्टच्या मोहोरेची प्रणाली आत सोडत असे आणि तो पहारा उठविण्याची सोय ग्राहकाला मुद्दाम ठेवलेली नव्हती. यंत्र खपले नाही. २०१३ साली कंपनीने त्यापायी ९० कोटी डॉलर्सचा तोटा हिशेबात दाखविला. त्या प्रणालीच्या शेवटच्या आवृत्तीचा आधार जानेवारी २०२३ मध्ये संपला. टचपॅड आणि सरफेस आरटी, दोन्ही बाजारात आपटलेली यंत्रे. पण एकाला दुसरे आयुष्य सहज लाभले आणि दुसऱ्याचे दार उत्पादकाने आतून लावून घेतले. दोघांच्या दैवातला फरक चिपचा नव्हता, किल्लीचा होता.

आयपॅडचे दारही असेच बंद आहे. इतकेच नव्हे, तर ॲपलने मोहोर उठविणे थांबविले, की ॲपलचीच जुनी आवृत्तीही त्यावर पुन्हा बसविता येत नाही. अँड्रॉइडच्या जगातही वाट अरुंद होत चालली आहे. हुआवे कंपनीने २०१८ साली कुलूप उघडण्याचे संकेतांक देणे बंद केले. दुसऱ्या बाजूने युरोपीय संघाने जून २०२५ पासून असा नियम लागू केला आहे, की फोन आणि टॅब्लेट विकणाऱ्याने विक्री थांबविल्यानंतरही किमान पाच वर्षे प्रणालीच्या सुधारणा पुरविल्या पाहिजेत. ग्राहक जागा झाला की शासनाला पावले टाकावी लागतात, याचे हे उदाहरण होय.

पवईतील प्रयोग

हा सारा विषय परदेशातला, असे समजण्याचे कारण नाही. ‘आकाश’ टॅब्लेटची योजना पुष्कळांना आठवत असेल. विद्यार्थ्यांना स्वस्त टॅब्लेट द्यावा म्हणून केंद्र शासनाने ५ ऑक्टोबर २०११ रोजी तो सादर केला. त्यातील संथपणावर टीका झाली. त्यानंतर ही जबाबदारी मुंबईच्या आयआयटीकडे आली आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते सुधारित ‘आकाश २’ सादर झाला. सात इंची पडदा, एक गिगाहर्ट्झची चिप, ५१२ मेगाबाइट स्मृती आणि अँड्रॉइडची चौथी आवृत्ती, असे त्याचे स्वरूप होते. पुरवठ्यातील विलंब, सुटे भाग चीनमधून आल्याचा वाद यांमुळे योजना पुढे रेंगाळली आणि विस्मृतीत गेली. वृत्तपत्रांतून तिचे अपयश गाजले. पण पवईच्या प्रयोगशाळेत झालेले एक मोलाचे काम फारसे कोणाच्या नजरेत आले नाही.

आकाश २ मधील चिपची रचनाच अशी होती, की सुरू होताना ती प्रथम मेमरी कार्डात एखादी प्रणाली आहे काय हे पाहत असे आणि नसेल तरच आतल्या प्रणालीकडे वळत असे. याचा लाभ घेऊन आयआयटीतील चमूने संपूर्ण लिनक्स प्रणाली एका मेमरी कार्डावर तयार केली. कार्ड घातले की तो टॅब्लेट छोटा लिनक्स संगणक होई. काढले की पूर्ववत अँड्रॉइड. आतल्या प्रणालीला धक्का नाही आणि वीट होण्याचे भयही नाही. याच्या जोडीने ‘आकाश प्रोग्रॅमिंग लॅब’ही तयार करण्यात आली. तिच्या साहाय्याने विद्यार्थी त्याच टॅब्लेटवर सी, सी प्लस प्लस, पायथन आणि सायलॅब यांचा अभ्यास करू शकत. या कामाचा मूळ मजकूर आणि कृती त्यांनी सर्वांसाठी खुली ठेवली. केवळ चित्रफिती पाहण्याच्या यंत्राचे अभ्यासाच्या यंत्रात रूपांतर करण्याचा हा प्रयोग होता.

आपल्या भाषेचाही या विषयाशी थेट संबंध आला होता. २०१०-११ च्या सुमारास मिळणाऱ्या अनेक अँड्रॉइड यंत्रांत देवनागरीची व्यवस्थाच नव्हती. मराठी पत्र वा बातमी उघडली की अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसत. उत्साही मराठी तरुण प्रणालीचे कुलूप उघडून तिच्यात देवनागरी फॉन्ट घालीत. तरीही जोडाक्षरे तुटत आणि ऱ्हस्व इकार अक्षरामागे जाऊन बसे. अँड्रॉइडच्या चौथ्या आणि त्यापुढील आवृत्त्यांत ही अडचण दूर होत गेली. आज तळहातावर मराठी सुखाने वाचणाऱ्याला ते दिवस आठवतही नसतील. पण आपल्या यंत्रात आपली अक्षरे घालण्यासाठी मालकालाच दुसऱ्याचे कुलूप उघडावे लागले, ही घटना विसरण्याजोगी नाही.

जानेवारी २०२३ मध्ये चेन्नईच्या आयआयटीच्या परिसरातून ‘भारओएस’ या भारतीय मोबाइल प्रणालीची घोषणा झाली. ती अँड्रॉइडच्या मुक्त गाभ्यावर आधारलेली आहे, म्हणून काहींनी तिची थट्टा केली. वास्तविक मुक्त गाभा घेऊन त्यावर आपल्या गरजेची इमारत उभारणे यात कमीपणा नाही. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेच्या ‘बॉस’ लिनक्सचाही तोच मार्ग होता. मात्र केवळ नाव भारतीय ठेवल्याने यंत्र आपले होत नाही, हेही तितकेच खरे. चिप, तिच्या बंदिस्त आज्ञावली आणि बूटलोडरची किल्ली परक्याच्या हाती असेल, तर वरच्या मजल्यावरील स्वदेशी रंगरंगोटी फार काळ टिकत नाही. स्वावलंबनाची मोजणी येथून व्हायला हवी.

उत्साहाला विवेकाची जोड

अर्थात या मार्गाचे धोके सांगितल्याशिवाय त्याची शिफारस करणे अप्रामाणिकपणाचे होईल. कुलूप उघडलेल्या वा प्रणाली बदललेल्या यंत्रावर बँकांची आणि पैशाच्या व्यवहारांची अनेक ॲप्स चालण्यास नकार देतात. कारण यंत्र मूळ स्थितीत असल्याची खात्री ती गूगलच्या सेवेकडून करून घेतात. चित्रपट दाखविणाऱ्या काही सेवा कमी दर्जाचे चित्र देतात. उत्पादकाची हमी संपुष्टात येऊ शकते. सॅमसंगच्या अनेक यंत्रांत तर कुलूप उघडल्याची कायमची खूण आतच उमटते आणि ती पुन्हा पुसता येत नाही. पहारेकरी हटविल्यावर यंत्र चोराच्या हाती पडले, तर त्यालाही तेच दार उघडे असते. सर्वांत मोठा धोका अनोळखी ठिकाणाहून आणलेल्या प्रणालीचा. कारभारी बदलताना चोरालाच कारभारी नेमले, तर दोष कोणाला द्यावा?

म्हणून काही पथ्ये पाळणे आवश्यक आहे. बँकेचे व्यवहार ज्यावर होतात, त्या रोजच्या फोनवर हा प्रयोग करू नये. खणातल्या जुन्या यंत्रावर करावा. पाठीमागे वा सेटिंगमध्ये असलेला प्रतिकृतीचा पूर्ण क्रमांक अक्षरशः जुळवून पाहावा. सायनोजेनमॉडच्या मागे उभ्या राहिलेल्या कंपनीने २०१६ च्या डिसेंबरात त्याच्या सेवा बंद केल्या, तेव्हा स्वयंसेवकांनी तेच काम ‘लिनिएजओएस’ या नावाने पुढे चालू ठेवले. त्यांच्या अधिकृत यादीत आपले यंत्र आहे काय, हे प्रथम पाहावे आणि नसेल तर तेथेच थांबावे. छायाचित्रे व कागदपत्रे आधी दुसरीकडे उतरवून ठेवावीत. बॅटरी पुरेशी भरलेली असावी. मूळ प्रणालीकडे परतण्याची वाट ठाऊक असल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नये.

ज्यांना टॅब्लेटपासून आरंभ करणे अवघड वाटते, त्यांनी जुन्या लॅपटॉपपासून करावा. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. तिच्या पुढची आवृत्ती ज्यांवर चालत नाही असे असंख्य धडधाकट लॅपटॉप आज घराघरांत, शाळांत आणि संस्थांच्या कार्यालयांत पडून आहेत. लिनक्सची एखादी आवृत्ती पेनड्राइव्हवर घेऊन, आतल्या प्रणालीला हात न लावता, ती आधी चालवून पाहता येते. पसंत पडली तर बसवावी. नाही तर पेनड्राइव्ह काढून घ्यावा. नव्याने शिकणाऱ्याला याहून निर्धोक पाठ मिळणे कठीण.

खणातला टॅब्लेट

जगात २०२२ या एका वर्षात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील चौथा हिस्सादेखील रीतसर पुनर्वापराच्या नोंदीत आला नाही, असे संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या सहभागाने निघालेला अहवाल सांगतो. या ढिगातील कितीतरी यंत्रांचा देह शाबूत असतो. आपल्याकडे भांड्याला कल्हई लावून घेत, गोधडीला जुन्या लुगड्याचे अस्तर लावीत, थोरल्याची पुस्तके धाकट्याला पुरत. ती केवळ गरिबीची गोष्ट नव्हती. वस्तूमागच्या श्रमाचा मान राखण्याची ती रीत होती. यंत्रांच्या बाबतीत तीच रीत चालू ठेवण्याचे साधन आज उपलब्ध आहे आणि ते विनामूल्य आहे. त्यासाठी लागते ती थोडी चिकाटी आणि जाणत्याने नेणत्याला हात देण्याची तयारी.

गावोगावच्या अभ्यासिकांत, वसतिगृहांत, वाचनालयांत महिन्यातून एखादा रविवार यासाठी देता येईल. अभियांत्रिकीचे दोन विद्यार्थी, चार जुनी यंत्रे आणि एक मेज, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. दुरुस्त झालेला टॅब्लेट आजोबांना मोठ्या अक्षरांत वाचायला उपयोगी पडेल, नाही तर ज्याच्या घरी एकही यंत्र नाही अशा मुलाच्या हाती जाईल. जो सुधारणार नाही, तो अधिकृत संकलन केंद्रात द्यावा. आणि पुढच्या वेळी नवे यंत्र घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, एवढेच विचारून थांबू नये. सुधारणा किती वर्षे मिळणार आणि बूटलोडरचे कुलूप मालकाला उघडता येते काय, हे दोन प्रश्न दुकानदाराला आवर्जून विचारावेत. त्याला कदाचित उत्तर देता येणार नाही. पण शंभर ग्राहकांनी तोच प्रश्न विचारला, तर तो कंपनीपर्यंत गेल्याशिवाय राहणार नाही.

घराचे खरेदीखत आपल्या नावावर आहे, पण दाराची किल्ली विकणाऱ्याने स्वतःजवळ ठेवली आहे, असा व्यवहार घराच्या बाबतीत कोणी मान्य करणार नाही. यंत्राच्या बाबतीत आपण तो निमूटपणे मान्य करीत आलो आहोत. आज घरी गेल्यावर तो खण एकदा उघडून पाहावा. तळाशी पडलेला टॅब्लेट चार्जिंगला लावावा आणि त्याचा क्रमांक एका कागदावर लिहून घ्यावा. आरंभासाठी एवढे पुरे आहे.